भाव चढेपर्यंत

सिनाइत, इलोकोस
२७ जुलै १९९७

ती. मानांग सेंदा हिस,
धाकट्या पुरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि जूनचे पैसे पोचले. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. थोरल्या बहिणीशी खोटं बोलू नये, पण निदान अर्धं पत्र तरी तू सुखाने वाचावंस.

आधी चांगली बातमी. मनिलातल्या सरकारने आपल्या पेसोचा हात सोडला आणि तो घसरायला लागला. तुझ्या हाँगकाँगच्या एका डॉलरला धड साडेतीन पेसोही मिळत नव्हते, तिथे आता पावणेचार मिळतात. बँकेच्या दारावरचा पहारेकरी मानोंग बेर्तो रोज सकाळी पाटीवरचा भाव ओरडून सांगतो, जत्रेतल्या सोडतीचा आकडा सांगावा तसा. ज्यांची माणसं परदेशात आहेत त्या बायका पायरीवर बसून ऐकतात आणि एकमेकींना सांगतात की आज नको, उद्या बदलू, अजून चढेल. मीही कॉलेजला जाताना तिथे थबकते. हसू नकोस, तूही थबकली असतीस.

आता नानांगचं, आईच्या दुखण्याचं. तिच्या गळ्याची गाठ वाढली आहे. विगानच्या डॉक्टरांनी बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाले की गाठ श्वासनळीवर दाबते आहे, नाताळच्या आत कापून काढलीच पाहिजे. चाळीस हजार पेसो होतील. आजच्या भावाने तुझी चार महिन्यांची बचत लागेल. भाव चढला तर तीन महिन्यांचीच पुरेल आणि उरलेल्यात स्वयंपाकघरावर पत्रे पडतील. म्हणून म्हणते, जुलैचा पगार धाडू नकोस. थोडं थांबून सगळं एकदम धाड. घर मी शिकवण्यांवर चालवते.

नानांग समोर बसून लिहायला सांगते आहे. डॉक्टर काय, गळे कापायचेच पैसे घेतो, हे लिही म्हणते. आणि बाजारात शेजारची मासेवाली डबा बडवून गिऱ्हाईक बोलावते, तशी पाळी तिच्यावर अजून आलेली नाही. घशात जीव आहे तोवर सिनाइतचा लसूण तिच्याच आरोळीने विकला जाईल. तू वाळलीस असं तिला स्वप्न पडलं. परक्यांची भांडी घासतेस तर निदान त्यांतलं आधी खात जा, असं तिने बजावलं आहे.

लोभ आहेच, तो पेसोसारखा घसरू देऊ नकोस.
तुझी आदिंग,
पुरी


हाँगकाँग
१० ऑगस्ट १९९७

चि. पुरीस,
मानांगचे अ. उ. आ.

पत्र रविवारी चौकात पुठ्ठा अंथरून वाचलं. आमच्याकडच्या कामकरी बायकांच्या घोळक्यात एकटीचं पत्र कधी एकटीचं नसतं, त्यामुळे नानांगच्या डब्याची गोष्ट चौघींनी ऐकली आणि चौघी हसल्या. गाठीचं मात्र मी मनातल्या मनात वाचलं.

थांबायचं तर थांबते. इथेही सगळ्या थांबल्याच आहेत. पण पैसे ठेवायचे कुठे? मी झोपते स्वयंपाकघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी. बँक उघडी असते तेव्हा मला सुटी नसते. मालकीण यिप बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की पगार माझ्याकडेच राहू दे, हवा तेव्हा एकदम घे. दर महिन्याला पावतीवर सही मात्र करायची, कारण हिशेब सरकारला दाखवावा लागतो. बाई सज्जन आहे. तीन वर्षांत तिने मला एकदाही शिळं घातलं नाही.

तरी पुरी, मला भीती वाटते. कशाची ते नीट सांगता येत नाही. तातांग असताना आपल्या दोघी लेकींना सांगायचे की लसूण उपटला त्याच दिवशी त्याची वेणी घालावी, जमिनीवर पडला की उंदराचा. पगार हातात येताच घरी धाडायची मला इतकी सवय आहे, की परवा सही करून रिकाम्या हाताने स्वयंपाकघरात परतले तेव्हा काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं.

नानांगला उशीशिवाय झोपू देऊ नकोस. तू शिकवण्यांच्या नादात स्वतःचा अभ्यास बुडवलास तर मी तिकडे येऊन कान उपटीन.

लोभ होता तसाच आहे.
तुझी मानांग,
सेंदा


सिनाइत
२८ सप्टेंबर १९९७

ती. मानांगस,
पुरीचा सा. न.

भाव चारच्या वर गेला, साडेचारला टेकतो आहे. मानोंग बेर्तोचा आवाज बसला, तरी ओरडतो. पायरीवरच्या बायका पाच पाच म्हणत नवस बोलताहेत. पण तांदूळ चढला, गॅस चढला, दुधाची भुकटी चढली. नानांगच्या गोळ्या परदेशातून येतात, त्या सगळ्यांत जास्त चढल्या. डॉलर आपला म्हणून आपण नाचतो आणि दुकानदार आपल्याच पुढे नाचतो.

नानांग आता आडवी होत नाही. खांबाला टेकून, बसल्या बसल्या झोपते. श्वास घेताना गळ्यातून बारीक शीळ येते. शीळ चालू असते तोवर मला झोप लागते. थांबली की दचकून जाग येते आणि ती पुन्हा येईपर्यंत मी हलत नाही.

डॉक्टर म्हणतात, डिसेंबरची वाट पाहू नका. आताच सगळे पैसे धाड, असं मी या कागदावर लिहून खोडलं आहे, तुला खालून दिसेलच. ऑक्टोबर सरेपर्यंत थांबू, मग नक्की धाड. तेवढ्यात काय होतंय, असं पायरीवर सगळ्या म्हणतात.

नानांगने सांगितलेलं खाली लिहिते. सेंदाला म्हणावं की यंदा लसणाचं बी छान सुकलं आहे, छपराला टांगलं आहे, लावणीला आणि
पुढचं तिला दम लागला म्हणून राहिलं. पुरं करू नकोस, तसंच धाड, म्हणाली.

लोभ असावा, आणि ऑक्टोबर लवकर सरावा.
पुरी


हाँगकाँग
२ नोव्हेंबर १९९७

चि. पुरीस,
अ. उ. आ.

किती वेळा फोन लावला. वाण्याच्या दुकानातली घंटा वाजतच नाही. चौकात कळलं की वादळाने तुमच्याकडचे खांब पडले आहेत. म्हणून घाईघाईने लिहिते.

दवाखान्यात तारीख घेऊ नकोस. घेतली असलीस तर पुढे ढकल.

इथला शेअर बाजार कोसळला आहे. जे वारं आपल्या पेसोला लागलं तेच इथे येऊन पोचलं म्हणतात. यिप साहेब चार दिवस जेवणाच्या टेबलाशी बसतात आणि न जेवता उठतात. मी पैसे मागितले. बाई म्हणाल्या की शनिवारी देते. शनिवारी म्हणाल्या की अगं तूच ना म्हणालीस भाव चढू दे, तुझ्याच भल्याचं आहे. बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. काल माणसं येऊन मुलीचा पियानो घेऊन गेली. ती पोर जमिनीवर त्याच्या चार पायांच्या खुणांमध्ये बसून राहिली.

पुरी, मला फार भीती वाटते आहे. घरात कुणी ओरडत नाही, भांडत नाही. सगळे हळू बोलतात आणि मी आले की थांबतात. मी आता भाजी चिरतानाही दाराकडे तोंड करून चिरते.

नानांगला यातलं काही सांगू नकोस.

लोभ कर, आणि प्रार्थना कर.
सेंदा


सिनाइत
२ नोव्हेंबर १९९७

ती. मानांगस,
सा. न. वि. वि.

काल तातांगच्या थडग्यावर मेणबत्त्या लावल्या. नानांगला तिथवर नेलं नाही. घरी बसूनच तिने तातांगसाठी भाताचे गोळे वळले आणि पहिला तुझ्या वाटचा म्हणून वेगळा काढला.

तारीख मिळाली! १७ नोव्हेंबर. पैसे भरल्याशिवाय घेणार नाहीत. फी कमी करावी म्हणून अर्ज दिला, तर तिथला कारकून हसायला लागला. बहीण हाँगकाँगला, डॉलर असा चढलेला, आणि तुम्ही गरिबांच्या खिडकीपाशी कशाला उभ्या, असं सगळ्यांसमोर विचारलं. मी मान खाली घालून परत आले.

आता भाव बघू नकोस. पत्र मिळताच असेल नसेल ते सगळं धाड. तुझे पैसे आले की झालं, एवढंच मी तिला दिवसातून दहादा सांगते. तिलाही तेच ऐकायचं असतं.

लोभ असू दे, आणि घाई असू दे.
पुरी


हाँगकाँग
१६ नोव्हेंबर १९९७

चि. पुरीस,
अ. उ. आ.

आपली पत्रं वाटेत एकमेकींना चुकवून गेली. हे पत्र उद्या घरी निघालेल्या एका बाईच्या हाती देते आहे. तुला पोचेल तेव्हा तारीख उलटून गेलेली असेल. त्या दिवशी तू दवाखान्याच्या दारात कशी उभी राहशील, हे डोळ्यांसमोरून हलत नाही.

पैसे नाहीत. शुक्रवारी मला बाजारात धाडलं. परत आले तर दाराला नवं कुलूप आणि माझी पेटी जिन्यात. यिप कुटुंब गेलं. कुठे ते रखवालदारालाही ठाऊक नाही. पेटीत माझे कपडे नीट घड्या घालून ठेवले होते आणि वर मुलीने काढलेलं माझं एक चित्र. त्या घड्या पाहून मला जास्त रडू आलं.

मजूर कचेरीत गेले. तिथल्या बाईने मला माझ्याच सह्या दाखवल्या. प्रत्येक महिन्याचा पगार मिळाला, असं मीच लिहून दिलेलं आहे. शेवटच्या अर्ध्या महिन्याचं काही निघालं तर निघेल. चर्चच्या आसऱ्याला राहते, एका खोलीत वीसजणी. मालकाचं दिवाळं निघालं म्हणून इथेच दुसरं घर शोधायची मुभा मिळेल असं म्हणतात. नाही मिळाली तर दोन आठवड्यांत देश सोडायचा.

माझी कानातली सोबत आहेत. तेवढीच आहेत. नानांगचा श्वास चालू आहे ना, एवढं एका ओळीत कळव. दुसरं काही लिहू नकोस.

सेंदा


सिनाइत
१४ डिसेंबर १९९७

ती. मानांगस,
सा. न.

श्वास चालू आहे. ही ती ओळ. आता बाकीचं वाच.

सतरा तारखेला आम्हाला अगदी गोड बोलून परत पाठवलं, पैसे आले की या म्हणाले. मी घरोघर फिरले. उसने कुणी देईना. सगळ्यांना वाटतं आपल्याकडे डॉलरचं मडकं पुरलेलं आहे आणि मी कंजूषपणा करते. मानोंग बेर्तोने मात्र पायरीवरच माझ्या हातात पाचशे पेसो कोंबले आणि तोंड फिरवलं. कानातली विकली. छपराचं लसणाचं बी उतरवून विकलं, म्हणजे यंदा लावणी नाही. कॉलेजच्या पुढच्या फीचेही घातले. ओरडू नकोस, उरलेले वाण्याने पगाराची उचल म्हणून दिले, ते फेडायला जानेवारीपासून त्याच्या दुकानात बसणार आहे.

नानांगला खरं सांगावंच लागलं. बी उतरवताना ती बघत होती, तिच्यापासून काय लपणार? मला वाटलं चिडेल. तिने बराच वेळ श्वास गोळा केला आणि एवढंच विचारलं की मग सेंदाला आता जेवायला कोण घालतं.

पाच तारखेला शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली. ती आता आडवी झोपते, शीळ नाही. पण मानांग, गाठ तेवढ्या दिवसांत आवाजाच्या नसेला चिकटली होती. डॉक्टर म्हणाले की नस वाचवता आली नाही. नोव्हेंबरात आला असता तर वाचली असती, असंही म्हणाले. आवाज येईल की नाही ते सांगता येत नाही. ओठ हलतात, नुसती हवा येते.

थांब म्हणणारी मी होते. तू हे एकाही पत्रात लिहिलं नाहीस, म्हणून मी लिहिते. दुकानाचा फोन दुरुस्त झाला आहे.

लोभ असेल तर कळव.
पुरी


हाँगकाँग
११ जानेवारी १९९८

चि. पुरीस,
मानांगचे अ. उ. आ., आणि कान उपटायचे राहिलेत ते राहिलेतच.

लोभ असेल तर म्हणे! मी काय लहान होते, तू सांगितलंस म्हणून थांबायला? पुन्हा असं लिहिलंस तर पत्र परत धाडीन.

घर मिळालं. एक म्हातारे आजोबा आहेत, चाकांच्या खुर्चीत. त्यांच्या लेकाने थोडा पगार आगाऊ दिला. मी तो हातावर मोजून घेतला, मगच सही केली आणि आज सगळ्यात आधी धाडून टाकला. भाव साडेपाचच्याही वर आहे. चौकात बायका टाळ्या पिटत होत्या आणि अजून चढेल, थांबूया म्हणत होत्या. मी खिडकीत पैसे सरकवले आणि आतल्या माणसाकडून पावती हातात आल्यावरच बाजूला झाले. एवढ्या पैशांत बी घे. लावणीचे दिवस गेलेत, तरी टांगून ठेव. कॉलेजचं आपण पुढच्या वर्षी बघू.

आता कालच्या फोनचं. मी हॅलो म्हणाले आणि तू रिसीव्हर नानांगच्या हाती दिलास, ते मला ठाऊक नव्हतं. पूर्वी ती बोलायला लागली की माझ्या मागची रांग हसायची, इतकं ऐकू जायचं. काल नुसती खरखर. मला वाटलं तार तुटली. मग वाटलं तार तुटलेली नाही, ती पडली आहे. नानांग, नानांग म्हणून मी ओरडत सुटले, मागची बाई माझा खांदा धरायला लागली. आणि मग डबा वाजला. आधी एकदा, मग थांबून दोनदा. बाजारात बसतेस ना, असं मी विचारलं, तर पुन्हा वाजला. जेवलीस का, तर जोरात वाजला.

मासेवालीला किती हसायची ती.

तिला माझं एवढं ऐकायला सांग. पुढच्या वेळी रिसीव्हर हातात आला की सगळ्यात आधी डबा वाजव म्हणावं, मी काही बोलायच्याही आधी. मधली ती शांतता मला सोसत नाही.

लोभ असावा, आणि डबा वाजता असावा.
तुमची,
सेंदा