डिस्कवरची पाच बोटं

वस्ताद, तुमचा मुलगा परवा माझ्या शेडमध्ये आला होता. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला नव्हता आणि मातीलाही आलो नव्हतो. पण पोरगं येऊन गेल्यापासून तुम्हाला काही कळवावं असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटतंय. कागलला हायवेच्या कडेला माझं काम चालतं. इंजिनाला मी हात लावत नाही, फक्त ब्रेक. 'ह्याच्या हातात चाक दिऊ नगासा' असं म्हणून ज्याला तुम्ही चारचौघांत हाकललंत, त्याच्याकडे तुमच्याच गॅरेजातून गाडी आली. ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं. पोरानं चाकामागच्या लोखंडी तबकड्या, म्हणजे डिस्का, नव्या घातल्या होत्या, त्यांना दाबून धरणारे पॅडही नवे घातले होते, तरी काही महिन्यांत थरथर परत आली. शेवटी कुणीतरी त्याला माझा पत्ता दिला. मी एके काळी त्याच्या बापाच्या हाताखाली होतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी चाक उतरवलं, डिस्क काढली आणि ती ज्या तोंडावर बसते ते चाकाच्या मधल्या हबचं तोंड त्याला दाखवलं. गंजाची पापडी तशीच. जुन्या गंजावर नवी डिस्क ठोकून बसवलेली. तिथं नखाएवढी पापडी राहिली तरी डिस्क किंचित डोलत फिरते, पॅड तिला एकाच जागी जास्त खातात, आणि मग लोक म्हणतात डिस्क वाकली. डिस्क सहसा वाकत नाही, बसवणारा निष्काळजी असतो. मी गंज घासून काढला. डिस्कची जाडी मापली, कडेला कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा बरीच जास्त भरली, म्हणून लेथवर हलका हात मारून ती सारखी केली. परत बसवून डिस्कचा डोल मोजायचा डायल लावला. सुई हलेना. पोरगं बघतच राहिलं. 'काका, हे आमास्नी कुनी शिकीवलंच न्हाई.' मी म्हणालो, 'शिकवणाऱ्याला ठावं पायजे की.' हे वाक्य मी पंचवीस वर्षं तोंडात धरून होतो, वस्ताद. थुंकताना बरं वाटलं.

ती खंडेनवमी तुम्हाला आठवत नसेल असं मी म्हणणार नाही. गॅरेज धुऊन काढलेलं, पाने-पकडी पाटावर मांडलेल्या, झेंडूच्या माळा, आणि मारुतीच्या फोटोसमोर गिऱ्हाइकाची ती पांढरी गाडी जॅकवर. पुढची दोन्ही चाकं उतरवलेली. डिस्का नव्या होत्या. नव्या डिस्कला कारखान्यातून तेलाचा हात दिलेला असतो, म्हणून मी त्या पेट्रोलनं धुतल्या होत्या, कोरड्या फडक्यानं पुसल्या होत्या आणि नंतर बोटही लावलं नव्हतं. तुम्ही वाटीत शेंदूर घेऊन येता. पाण्यातलं कुंकू लोखंडावर टिकत नाही म्हणून तुम्ही दरवर्षी शेंदूर तेलातच कालवायचात. लेथला बोटं ओढता, ग्राइंडरला ओढता, कंप्रेसरला ओढता. मग फोटोकडं तोंड केलेल्या डाव्या चाकाच्या डिस्कवर, मधल्या उंचवट्यापासून कडेपर्यंत, तेलाच्या पाच ओढी. चार लांब आणि एक आखूड, कारण करंगळीचं पेर तुम्ही फॅनच्या पट्ट्यात घालवलं होतं. मी म्हणालो, 'वस्ताद, तितं तेल नगं, पुसतो.' तुम्ही हसलात. 'द्येवाचं पुसतोस व्हय रं? लई शाना झालास. जा, पेढं घिऊन ये.' मी पेढ्यांचा पुडा घेऊन परत आलो तर गाडी गेलेली. गिऱ्हाइकाला घाई होती, चाकं तुम्हीच चढवली होती.

पुढचं मला आज चाळीस गाड्यांवरून सांगता येईल, तेव्हा सांगता येत नव्हतं. तेल पॅडनं प्यायलं की तो पॅड धरत नाही. डावीकडचं चाक मोकळं फिरणार, उजवीकडचं धरणार, म्हणजे जोरात ब्रेक मारला की गाडी उजवीकडं ओढणार. तशीच ओढली. उसाच्या उभ्या ट्रॉलीवर घासली आणि गिऱ्हाइकाच्या आईचं मनगट मोडलं. दसऱ्याच्या सकाळी, लोक सोनं वाटायला निघालेले असताना, तो माणूस गॅरेजच्या दारात येऊन ओरडायला लागला. 'कुनी बशीवलं ह्ये?' तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. मी म्हणालो, 'चाक तुमीच चढीवलंसा की वस्ताद, मी पेढं आनाय गेलतो.' तुमचा हात माझ्या तोंडावर बसला. 'वर तोंड करून बोलालायस? भाईर हो.' गल्लीतली माणसं उभी होती, हातात आपट्याची पानं घेऊन. त्यातला एक मला म्हणाला, 'गप जा लेका, चुकलं म्हन.' मी ते म्हणालो नाही. नंतर उद्यमनगरात ज्या ज्या गॅरेजात काम मागायला गेलो तिथं तुमचा शब्द माझ्याआधी पोचलेला होता.

गाडी रात्रीच ओढून आणून चाकं उघडली होती; निघताना ती डिस्क भंगारात पडलेली दिसली. पॅड जिथं घासतो तिथं शेंदूर जळून तपकिरी फराटे झाले होते, पण मधल्या उंचवट्यावर, जिथं पॅड पोचत नाही, तिथं बोटांची टोकं स्वच्छ उठलेली होती. आखूड पाचव्यासकट. मी ती उचलली. तुम्ही बघत होता. 'ठेव ती' म्हणाला नाहीत, मान तेवढी फिरवलीत. त्या वेळी मला वाटलं, वस्तादांना उमगलंच नसेल. अडाणीपणाला मी माफ केलं असतं, कारण मीही अडाणीच होतो. पुढचं सगळं मी मोडून, मापून, चुकून, परत मापून एकट्यानं शिकलो. मला शिकवणारा कुणी नव्हता हे मी अभिमानानं सांगतो.

पण परवा गाडी जॅकवरून खाली घेताना पोरगं सहज बोललं. खंडेनवमी जवळ आलीय, म्हणून मी विचारलं, गॅरेजात पूजा कशी करता? 'समद्याला बोटं वढतो, निस्तं चाकाला न्हाई. आबांनी नेम घातलाय, ब्रेकला तेलाचं बोट लागता कामा नये. का म्हनून ते कदी बोललं न्हाईत.' मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, 'मी ल्हान हुतो तवापास्नं. एका दसऱ्यात काय तरी झालतं म्हनं.'

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. पुढच्याच वर्षी तुम्ही बोट आवरलंत, आणि माझ्यावर टाकलेला शब्द आवरला नाहीत. नेम घातलात, त्याचं कारण मात्र गिळलंत.

मग मी त्याला सोडलं नाही. भिंतीवरच्या खिळ्यावरून भंगारातली ती डिस्क उतरवली, त्याच्या हातात दिली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पेढे, ट्रॉली, थप्पड, काहीही गाळलं नाही, मऊ केलं नाही. त्याचा चेहरा उतरत गेला तसा मी आवाज चढवत गेलो. त्यानं एकेका डागावर आपलं बोट ठेवून बघितलं आणि पाचव्याशी थांबला. 'करंगळी आबांचीच हाय,' म्हणाला. डिस्क पोटाशी धरली. मग म्हणाला, 'ही मला द्या काका. औंदा पूजेला पाटावर ठेवतो. समदी गोळा हुत्यात, त्यांच्याम्होरं सांगतो, चूक आबांची हुती, तुमची न्हवती.'

सांगेल तो. मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. हार घातलेल्या तुमच्या फोटोखाली, तुमच्याच लेथशेजारी उभं राहून तुमचा मुलगा ते बोलेल, आणि तुम्हाला भिंतीवरून खाली उतरता येणार नाही. मला बोलावलंय. मी इस्त्रीचा शर्ट घालून जाणार आहे.

डिस्क मात्र दिली नाही. पुरावा आहे, माझ्याकडंच राहील, असं त्याला सांगितलं. हा कागद पोचवायला पत्ता नाही, मायक्रोमीटरच्या डब्याखाली पडून राहील. म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही. उघडं बिडाचं लोखंड आपल्याकडच्या पावसात एका रात्रीत गंजून तांबरतं. डिस्कला तेलाचं बोट लावायचं नाही, असं माझ्या शेडमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलंय. तरी दर पावसाळ्याच्या तोंडाला मी ती एक डिस्क खाली उतरवतो आणि तुमचे डाग पुसले जाऊ नयेत अशा बेतानं, भोवतीनं, करंगळीपाशी जरा जास्त जपून, स्वतःच्या बोटानं तिला तेल लावतो.