तुझ्या वाटणीचा तुकडा

बातसूर दादा,

तुझा तांबडा घोडा काल दुपारी घरी आला. पाठीवर भलताच माणूस. लांबूनच ओरडला, "कुत्री आवरा!" पण आपली कुत्री भुंकलीच नाहीत, शेपट्या हलवत घोड्याकडे धावली. मी सरळ सुरी उचलली. बाबांनी माझं मनगट धरलं. "चोर असला तरी दारात आलाय. आधी चहा दे."

खारा चहा झाला. मग बाबांनी मेंढीच्या खांद्याचं मांस कापलं. ते एकट्यानं खायचं नसतं, म्हणून प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवला. एक तुझ्या रिकाम्या जागेपुढे.

"हा कुणाचा?" पाहुण्यानं विचारलं.

"ज्याचा घोडा बाहेर बांधलाय, त्याचा."

त्याचा घास हातातच राहिला. "तो मला बर्फात सापडला होता, काका. मला नाही वाचवता आला. म्हणाला, घोडा घरी पोचव. आणि सांगायच्या आधी पोटभर जेवून घे, नंतर तुला वाढायला कुणाचे हात उचलणार नाहीत."

मरतानाही थट्टाच का रे?

पण तू चुकलास. बाबांनी त्याला पुन्हा वाढलं. मग तुझा तुकडाही उचलून त्याच्याच हातावर ठेवला.

तुझीच,
ओयुन