सासू, जावई आणि चोहीकडे पाणी

४ मार्च

किनारा दिसेनासा झाला. विचारलं, "आता पुन्हा कधी दिसणार?" लेक म्हणाली, "हा नाही दिसणार, आई. पलीकडचा दिसेल. तीनेक आठवड्यांनी." इतक्या सहज, जणू पुढच्या थांब्यावर उतरायचंय!

लेक-जावयांच्या ह्या शिडाच्या बोटीवर तिसरं माणूस म्हणून खरं तर जावयांचा मित्र यायचा होता. त्याचा पाय मोडला. मग लेकीनं मला धरलं. "तू फक्त बसून राहा गं. समोरून जहाज आलं की ओरडायचं, बस." सगळी नोकरी वाचनालयात गेली माझी, लोकांना गप्प बसवण्यात. ओरडण्यासाठी बोलावणं पहिल्यांदाच आलं! आणि हे गेल्यापासून घरात ओरडावं असं कोणी उरलंही नाही. म्हणून हो म्हटलं.

पोहता येत नाही, हेही सांगितलं. तर म्हणते, "एवढ्या पाण्यात पोहता येऊन तरी काय उपयोग?"

धीर द्यायची ही पद्धत!

५ मार्च

संडासाबद्दल इथे लिहिते, बोलायची सोय नाही. कपाटाएवढी जागा, दाराऐवजी पडदा. काम झालं की हातपंप मारत बसायचं, आणि तो अख्ख्या बोटीला ऐकू जातो. लग्न झाल्यापासून ह्या जावयांशी मी "प्रवास कसा झाला" आणि "अजून थोडं वाढू का" ह्यापलीकडे बोललेली नाही. आता पडद्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे, हातभर अंतरावर, ते नकाशा बघतायत.

आज मी पंपाला हात घातला आणि ते मोठ्यानं शीळ घालायला लागले. भला माणूस! पण शीळ ऐकू आली की आता लेकीलाही कळतं, आई कुठे आहे.

७ मार्च

लेकीला बोट लागली.

हिनं नोकरी सोडली, शिडांचे-वाऱ्यांचे क्लास केले, राहतं घर भाड्यानं दिलं, मुळात घाबरट असलेल्या नवऱ्याच्या ही बोट गळी उतरवली— आणि आता हीच बादली कवटाळून पडली आहे. मला साधी गाडीसुद्धा लागते, तर मी ठणठणीत! तिच्यासमोर दोन उकडलेले बटाटे खाल्ले. खायला नको होते.

हळूच विचारलं, "काही गोड बातमी तर नाही ना?"

"आई! बोट लागलीये मला! बोट!"

वरून जावयांची शीळ सुरू झाली.

८ मार्च

उलटी. झोप. उलटी.

१० मार्च

आता पाणीसुद्धा ठरेना. ओठ वाळलेत, डोळे खोल गेलेत. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजतेय. निम्मं तिच्या पोटात, निम्मं माझ्या पदरात.

जावई पायऱ्यांवर येऊन बसले. म्हणाले, "परत फिरायचं तर वारा तोंडावर येतो. पुढे गेलो तरी तेवढेच दिवस." मग— "आई, तुम्हाला काय वाटतं?"

मला! ह्यांनी कधी विचारलं नाही. लेक तर सांगूनच मोकळी होते. मी म्हटलं, "पुढे." ठणकावून म्हटलं. ते वर गेले आणि मग मनात आलं— चुकीचं निघालं तर?

११ मार्च

जावयांना झोप हवी, म्हणजे सुकाणू कोणाला तरी यायला हवं. म्हणजे मला. शिकवणं कसं, तर— "आई, थोडं उजवीकडे घेता का? नाही, तसं छान चाललंय तुमचं, पण थोडं उजवीकडे घेतलंत तर बरं होईल." एवढं सांगून होईपर्यंत बोट डावीकडे निघून जाते!

एक गोष्ट डोक्यात बसली. बोटीचं तोंड सरळ वाऱ्याकडे केलं की शिडातला जीव जातो आणि बोट थांबते. बाकी सगळं विसरले तरी चालेल म्हणाले.

भात केला. शेगडी झुलते, म्हणजे बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. मी राहत नाही. कोपरावर भाजलं.

१३ मार्च

लेकीच्या पोटात चार चमचे मऊ भात राहिला. वर जाऊन रडून आले. वाऱ्यानं लगेच वाळलं, बरं झालं.

१४ मार्च

अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

दुपारी आभाळाचा एक कोपरा काळा झाला. बघता बघता वारा अंगावर. पुढचं शीड गुंडाळायचा दोर अडकला. जावई कमरेचा पट्टा बोटीला अडकवून रांगत पुढच्या टोकाला गेले. सुकाणू माझ्याकडे. ते ओरडले, "आई, जरा डावीकडे घेता का?" वाऱ्यात निम्मं उडून गेलं. "काय?" "डावीकडे घ्या, म्हणजे शीड—" "काय म्हणालात?" "अगं बाई, डावीकडे घे! डावीकडे!"

तेवढ्यात लाट आली आणि जावई दिसेनात. नंतर दिसला तो फक्त एक हात. ते कठड्यापलीकडे पट्ट्यावर लोंबकळत होते, पाय पाण्यात!

वाऱ्याकडे तोंड. एवढंच आठवलं. सगळं अंग घालून सुकाणूचं चाक फिरवलं. शीड फाडफाड वाजायला लागलं, बोट थबकली, आणि मी ओरडले, "वर ये! वर ये आधी, गाढवा!"

आले. आधी एक गुडघा, मग दुसरा. तसेच पालथे पडून राहिले. मग उठून त्यांनी तो दोर सोडवला, तेव्हाच मागे आले. शर्टाची सगळी बटणं गेलेली.

खालून क्षीण आवाज आला— "कोण कोणाला गाढव म्हणतंय?"

१५ मार्च

सकाळी जावई चहा घेऊन आले. जमिनीकडे बघत म्हणाले, "काल मी तुम्हाला अगं-तुगं... तोंडातून गेलं." मी म्हटलं, "मीही जनावर काढलं." ते म्हणाले, "ते बरोबरच होतं."

आणि आम्ही जे हसलो! खोकला लागेपर्यंत. मग ते म्हणाले, "आई, फार घाबरलो होतो." पाठीवरून हात फिरवला. जावई असला म्हणून काय झालं!

१८ मार्च

लेक वर आली! भिंतीला धरून, पण स्वतःच्या पायांनी. आम्ही चहा पीत भांडत होतो, वारा वळणार की नाही ह्यावर. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "आई, तू माझ्या जागेवर बसली आहेस."

उठले. पण खरं सांगायचं तर जिवावर आलं.

१९ मार्च

भांडी घासताना लेक म्हणाली, "आई, मला समुद्र आवडत नाही गं. मला समुद्राचे फोटो आवडतात."

मी हसले. ती रडत होती. "सगळ्यांना सांगून निघाले, आई. ह्याला ओढत आणलं. आता कोणत्या तोंडानं सांगू?" मी म्हटलं, "बादलीत घातलंस त्याच तोंडानं. सगळं बघितलंय त्यानं."

२० मार्च

सांगितलं तिनं. जावई म्हणाले, "मग पोचल्यावर बोट विकू." इतकंच. सूर अगदी समजूतदार. नंतर दुपारभर ते पितळेची एकच कडी पुसत होते, लखलखत असलेली. लेकीनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

२३ मार्च

जमीन! आधी ढग वाटला. मी ओरडले. कामच होतं माझं ते!

धक्क्यावर पाय ठेवला तर जमीनच हलायला लागली. जावयांनी धरलं.

२५ मार्च

लेक उद्या विमानानं घरी चालली. बोट विकायची नाही असं तिनंच बजावलं, जावयांचा पुढचा टप्पा संपेल तिथे ती भेटायला येणार. तिकिटं दोन काढली होती, तिचं आणि माझं.

माझं रद्द करायला लावलं.