धाकटीची राखण

३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा बरा आहे, काच कापताना चिरलेलं माझं बोटही भरून आलंय, म्हणजे चौकशीचा भाग संपला. आता खरं दुखणं ऐक. आपल्या धाकटीवर कुणाचा तरी डोळा आहे.

हसू नकोस. बाबांनी ही पिकअप आणली तेव्हा आपल्या दोघांना दारात उभं करून सांगितलं होतं की ही तुमची धाकटी बहीण, हिला त्रास द्यायचा नाही. आणि पुढे जन्मभर लाड झाले ते तिचेच! तर गेल्या महिन्यात आपल्या भागातून अशाच दोन जुन्या पिकअप गेल्या. नव्या गाड्या बोंबलतात तरी, हिचं दार चमच्यानेसुद्धा उघडेल. चौकीवरचा हवालदार म्हणाला की जुन्या गाड्या सुट्या भागांसाठी नेतात आणि दोन दिवसांत सगळं खोलून विकतात. त्यातच परवा काचा पोचवायला निघालो तर बसताक्षणी गुडघे पुढे आपटले. सीट पुढे सरकवलेली आणि आरसा खाली वाकवलेला. मी काय झोपेत गाडी चालवतो?

स्टिअरिंगला आडवा दांडा बसतो ते कुलूप आणलंय. एक किल्ली माझ्या गळ्यात, दुसरी गाडीच्या जादा किल्लीबरोबर आईच्या डब्यात, म्हणजे बँकेतच. शिवाय आता गाडी मागच्या गल्लीत तोंड भिंतीला टेकवून लावतो. दुपारभर मी काचेच्या मशीनवर असतो, त्या घरघरीत शेजारी हत्ती नाचला तरी ऐकू यायचं नाही. ताई, ती गेली तर धंदा बसेल हे खरंच, पण मला वाटतं बाबाच पुन्हा एकदा जातील. काहीतरी सुचव.

तुझ्या लोभाचा आणि सल्ल्याचा भुकेला,
ठोंब्या

१२ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसून लिहिते आहे. समोर छत्र्या, डबे आणि एक कवळी. कवळी विसरून माणूस घरी जाऊन जेवतो कसा, हे मला अजून कळलेलं नाही. असो. वस्तू कशा हरवतात यात आता मी पंडित झालेय, म्हणून सांगते. कुलूप चांगलं, पण कुलूप चोराला दिसतं. न दिसणारं काहीतरी हवं. अरे, बाबांचं चोरबटण विसरलास की काय?

बाबा आणि मिस्त्रीकाका अख्खा रविवार गाडीत डोकं घालून बसले होते. पोरं तोंडाची फाटकी म्हणून आपल्याला हाकलून दिलं होतं आणि तू भोकाड पसरलं होतंस. ते बटण बंद असलं की इंजिन नुसतं खोकतं, सुरू होत नाही. तुला मिसरूड फुटल्यावर बाबांनी जागा दाखवली. मला मात्र नाही, मी लग्न होऊन जाणार ना! त्याचा राग अजून आहे बरं का. तू ते वापरायचं सोडलं असशील तर आजपासून पुन्हा वापर.

पत्र लिहिता लिहिता काय काय आठवलं. मागच्या हौद्यात ताडपत्रीवर आपण उताणे पडायचो, पुढे बाबा बेसूर गायचे आणि आईचा हात खिडकीबाहेर असायचा. दर फेरीला ती म्हणायची की मलाही शिकवा चालवायला, आणि बाबा दर फेरीला म्हणायचे, पुढच्या वर्षी. आपण हौद्यातून ओरडायचो, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी! किती सुखाचे दिवस होते रे. इथे डोळे भरून आले तर लोकांना वाटतं बाईचंच काही हरवलंय.

आईला माझा नमस्कार सांग. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

२५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चोर घरचाच निघाला.

तू म्हणालीस तसं चोरबटण रोज बंद करू लागलो. जागा इथे लिहीत नाही, पत्राचा भरवसा नाही. आणि काल दुपारी हातातलं काम टाकून मधेच गल्लीत आलो तर गाडी वाकडी लावलेली आणि बॉनेट तापलेलं. म्हणजे कुणीतरी बटण लावून, फिरवून, परत आणून ठेवली. त्या बटणाची जागा तिघांनाच ठाऊक, बाबा, मी आणि मिस्त्रीकाका. बाबा तर नाहीत.

सरळ काकांकडे गेलो. विचारलं तर आधी मान खाली घातली, मग म्हणाले की गाडी जागेवर आहे ना, मग झालं. मी नको ते बोललो. बाबांच्या जिवलग मित्राला चोर म्हणालो, ताई. एखाद्याला गाडी दाखवून सौदा ठरवत असतील, दुसरं काय? आईला यातलं काही सांगितलं नाही, तिला गाडीतलं काय कळतं आणि उगाच जिवाला घोर. पुढच्या आठवड्यात चौकीवर तक्रार देणार आहे. मन लागत नाही. तुझं पत्र लवकर येऊ दे.

तुझा,
ठोंब्या

२९ जानेवारी

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद नंतर, आधी कान पकड.

चौकीची पायरी चढलास तर माझ्याशी गाठ आहे! तूच लिहिलं होतंस की सीट पुढे सरकवलेली आणि आरसा खाली वाकवलेला होता. मिस्त्रीकाकांना बाबा उंट म्हणायचे, विसरलास? ते त्या सीटवर बसले तर गुडघे कानाला लागतील. ज्याने सीट पुढे घेतली तो माणूस बुटका आहे. आणि त्याला तुझ्या दोन्ही किल्ल्या मिळतात.

आता मला एवढंच सांग, आई दुपारी काय करते?
ताई

७ फेब्रुवारी

चि. सौ. बाळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन तुझा भाऊ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी सांगून टाकलं की होय, मीच.

मागे त्याला म्हटलं होतं की मला शिकव, तर हसला, म्हणाला आता या वयात कुठे जायचंय तुला. वाईट वाटलं गं. मग मिस्त्रींना गळ घातली आणि एकटीला नीट जमेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं वचन घेतलं. त्या वेड्या माणसाने ते असं पाळलं की चोर म्हणवून घेतलं, पण माझं नाव काढलं नाही. मला हे कळलं तेव्हा दोघांनाही फैलावर घेतलं. भाऊ लगेच काकांच्या दारात जाऊन उभा राहिला. काकांनी त्याच्या हातात पाना दिला आणि गाडीखाली शीर म्हणाले. संध्याकाळपर्यंत दोघं तिथेच होते.

तुझ्या भावाच्या राखणीने माझं भलंच झालं म्हणायचं. दांड्याच्या कुलपाने हातात जोर आला. गाडी भिंतीला तोंड करून लावू लागला, म्हणून मागे घ्यायला शिकले.

आणि ते चोरबटण! ते बसवताना त्या रविवारी उजेडाला बॅटरी कुणी धरली होती? मीच की. झाल्यावर तुमचे बाबा मिस्त्रींना म्हणाले की हे आपल्या दोघांतच राहू दे. मी हातात बॅटरी घेऊन समोर उभी, पण मला कुणी मोजलंच नाही. तेव्हा हसले होते. नंतर कधी कधी लागायचं मनाला. तुला आता जागा सांगते, त्यांना काय वाटायचं ते वाटो. शेजारच्या सीटखाली आहे, माझ्या सीटखाली. सगळा जन्म मी त्याच्यावर बसून प्रवास केला.

स्टिअरिंगवर त्यांच्या तळव्याने गुळगुळीत झालेली एक जागा आहे, माझा हात आपोआप तिथेच जातो. पहिल्यांदा एकटी नदीच्या पुलापर्यंत गेले तेव्हा रडू आवरेना. इतक्या वर्षांत तो रस्ता त्यांच्या जागेवरून पाहिलाच नव्हता. ते असते तर ओरडले असते, आणि मग गायले असते.

परवाना हातात आला आहे. येत्या रविवारी तुझ्याकडे येते, फाटक सताड उघडं ठेव. तुझा भाऊ मागे हौद्यात बसेल, त्याची तीच शिक्षा. तिथून आपण तिघं पुढे कुठेतरी जाऊ. शेजारची सीट तुझी. निघताना बटण तू लावायचंस.

वाट बघ, आणि जीव लावते आहेस तशीच लावत राहा.
तुझी आई