गिरणीचा गाळा आणि पहिला डबा

मी, मनकर्णाबाई रामकिसन दांडगे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार जिनिंग मैदानाशेजारची गल्ली, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. माझ्यावर दबाव आणू शकेल असे माणूस आमच्या गल्लीत एकच आहे, आणि तिचे-माझे बोलणे नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याबद्दल डॉ. विशाखा साळवे यांनी आज खात्री करून घेतली. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि नळाला पाणी कधी येणार तेही सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "एवढं तर मलाही माहीत नाही, आजी."

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. भांडताना "तुला एक दमडी देणार नाही" असे मी ज्यांना ज्यांना म्हटले असेल, ते सगळे रद्द समजावे.

वकील सम्यक वाघमारे यांनी मला मसुदा करून दिला. तो दीड पानाचा होता. बाकीचे मी घातले आहे. ते म्हणाले, "आजी, कायद्याला एवढ्याची गरज नाही." मी म्हटले, कायद्याला नसेल, मला आहे.

कलम १. मिळकतीचा तपशील.
कापसाचे जिनिंग बंद पडल्यावर ते मैदान कित्येक वर्षे ओस होते. तिथे बाभळी, डुकरे आणि क्रिकेट याशिवाय काही वाढले नाही. त्या मैदानाच्या कडेला आमचे पत्र्याचे शेड. माझे यजमान कै. रामकिसन यांनी फुलंब्रीहून येऊन ते जिनिंगच्या मालकाकडून भाड्याने घेतले आणि त्यात गिरणी टाकली. आता मैदानाचा पुनर्विकास चालू आहे. मधोमध विजेचे उपकेंद्र, एका बाजूला राहण्याच्या इमारती, रस्त्याच्या अंगाला दुकानांचे गाळे, आणि मागे बॅटरीच्या गाड्या चार्जिंग करायची जागा. जुन्या शेडवाल्यांना एक गाळा आणि एक फ्लॅट मिळणार आहे. दोन्हीचे करारनामे माझ्या नावे झालेले आहेत. ताबा पुढच्या वर्षी. मी तोपर्यंत आहेच, पण लिहून ठेवलेले बरे.

उपकेंद्राला आमच्या गल्लीने आधी फार विरोध केला. करंट भिंतीतून घरात येईल, डोक्यावरचे केस उभे राहतील, टीव्हीत मुंग्या येतील, असे जो तो सांगत होता. बाजूने मी एकटी होते. ज्या बाईने अर्धे आयुष्य दळण अर्ध्यावर असताना लाईट गेलेली पाहिली आहे, तिच्या दारात उपकेंद्र येत असेल तर तिने त्याला ओवाळायला हवे. अर्थात लाईट जाण्याचा एक फायदा झाला, तोही नोंदवते. एकदा अशीच लाईट गेली आणि करमाडची एक बाई डबा घेऊन माझ्या पायरीवर अडकून बसली. बोलता बोलता तिची मुलगी लग्नाची निघाली. तीच माझी सून, दीपमाला.

कलम २. फ्लॅट.
फ्लॅट माझा मुलगा इंद्रजीत आणि सून दीपमाला या दोघांच्या नावे समसमान. उजेडाची खोली नात अपेक्षा हिची. इंद्रजीतने तिथे व्यायामाची सायकल ठेवू नये. ती आजवर कपडे वाळत घालण्याखेरीज कशालाही वापरली गेलेली नाही.

कलम ३. बँकेतील ठेव.
माझे दिवसकार्य साधे करावे. त्यातून उरेल ते अपेक्षाचे. तिने त्यातून शिकावे किंवा हिंडावे, कुणी हिशोब मागू नये.

कलम ४. तराजू.
यजमानांचा लोखंडी तराजू माझे दीर सखाराम, राहणार लासूर स्टेशन, यांच्याकडे आहे. कांदे मोजायला म्हणून दोन दिवसांसाठी नेला, तेव्हा त्यांचे केस काळे होते. तो तराजू मी त्यांनाच देत आहे. मी दिला असे झाले म्हणजे त्यांनी ठेवून घेतला असे राहणार नाही. भाऊजींना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा, त्यांना कमी ऐकू येते.

कलम ५. गिरणीची यंत्रे व हत्यारे.
मोटर, पट्टा, दगडांची जोडी, दगडाला टाकी लावायची छिन्नी-हातोडी आणि पीठ झाडायचा कुंचा, हे सर्व दीपमालाचे. बाजरीच्या मागे गहू टाकायचा नाही. उपवासाचे दळण धुऊन-पुसून सकाळी पहिले. आणि डब्यांची रांग मोडायची नाही. डबा ठेवला म्हणजे माणूस उभे राहिले. माणूस घरी जाऊन स्वयंपाक करून येईना का, डब्याचा नंबर तो त्याचा नंबर. आमच्या गिरणीवर हा नियम पहिल्यापासून आहे आणि नगरसेवकाच्या डब्यालाही तो चुकलेला नाही.

कलम ६. गाळा.
हेच या दस्तातले मुख्य कलम आहे, तेव्हा नीट सांगते.

गाळ्यांची निवड होती त्या दिवशी नोटीस लागली की जो आधी हजर, त्याला आधी निवड, वेळ अकराची. आमच्या गल्लीने सकाळीच मैदानात रांग लावली. तेवढ्यात ओरडा झाला, नळाला पाणी आलं! आता या शहरात पाणी आल्यावर कोण थांबतो? सगळ्यांनी गिरणीवर ठेवतात तसे घरून डबे आणून ओळीने ठेवले आणि जो तो हंड्यांकडे पळाला. योजनेचे साहेब आले ते नवीन होते, बाहेरगावचे. त्यांना दिसले मोकळे मैदान, माणूस एक नाही, आणि मधोमध झाकणे लावलेल्या डब्यांची सरळ रांग. त्यांनी पोलिसांना फोन केला.

आम्ही पाणी भरून येतो तो मैदानाला दोरी लावलेली. बॉम्ब शोधणारे कुत्रे आलेले. ते पहिल्या डब्यापाशी गेले, नाक लावले आणि जे शिंकायला लागले ते थांबेचना. पोलीस दोन पावले मागे सरले. साहेब तर पार गाडीत जाऊन बसले.

पहिला डबा कडूबाई सोमनाथ ठोंबरे हिचा होता.

कडूबाई कोण, ते सांगायला हवे. माझ्या शेडला लागून तिचे मिरची कांडप. मध्ये एकच पत्रा. त्या पत्र्याला एक भोक पडले. तिची मिरची माझ्याकडे यायची आणि माझी गिऱ्हाइके शिंकायची. ती म्हणायची, माझ्या पट्ट्याच्या हादऱ्याने भोक पडले. मी म्हणायचे, तिच्या बाजूने पडले. त्यावरून आमचे बोलणे बंद झाले ते आजतागायत. काही सांगायचेच असेल तर मध्ये जो उभा असेल त्याच्यामार्फत. "सांगा त्या बाईला, मिरची झाकून ठेव म्हणावं." "सांगा त्या बाईला, पट्टा ढिला कर म्हणावं." अपेक्षाला शाळेत निरोप्या म्हणून बक्षीस मिळाले असते, एवढी तिची तयारी आम्ही दोघींनी करून घेतली. भोक तिच्याच बाजूने पडले, हे मी इथे कायमचे नोंदवून ठेवते.

तर, पोलीस तो डबा उचलून लांब न्यायला निघाले. कडूबाई दोरीपलीकडून ओरडली, "ओ दादा, नेऊ नका! माझा नंबर जाईल ना!" मीही ओरडले, "तिखट हाय त्यात, तिखट! शिंकून शिंकून मरंल ते मुकं जनावर!" शेवटी एक हवालदार कपाळाला हात लावून हसले. "साहेब, आमच्या घरचंबी डबं चक्कीवर असंच ऱ्हातंय," असे त्यांनी साहेबांना समजावले. साहेब गाडीतून उतरले आणि डब्यांच्या ओळीनेच नावे पुकारली. पहिली कडूबाई, दुसरी मी.

आता मोठी मशीन चालवायची परवानगी उपकेंद्राच्या भिंतीलगतच्या दोनच गाळ्यांना होती. म्हणजे एक गिरणी आणि एक कांडप. त्यातला एक गाळा इमारतीच्या गेटासमोर, उजेडाचा, पायरी असलेला. दुसरा मागच्या अंगाला, गाड्यांच्या चार्जिंगकडे तोंड केलेला. कडूबाई चांगला घेणार, हे उघड होते. तिच्या जागी मी असते तर मीही घेतला असता. ती नकाशासमोर गेली आणि तिने मागच्या गाळ्यावर बोट ठेवले. साहेब म्हणाले, "आजी, समोरचा मोकळा आहे." तेव्हा ती माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाली, "सांगा त्या बाईला, गिरणीचं दार गेटाकडं पाह्यजे. बायामाणसं डोक्यावर डबा घेऊन कुठवर फिरतेल? कांडपाचं काय, ठसका लागला की मानूस हुडकत येतंय."

साहेबांनी मला निरोप सांगितला. मी त्यांना म्हटले, "ऐकलं." एवढेच बोलले. घरी येऊन दार लावून मी रडले, हे दीपमालाला माहीत आहे.

आणि आता आमचा इंद्रजीत म्हणतो, "आई, गाळा मोबाईलच्या शोरूमला देऊ. भाडं लई येईल. लोक आता पाकिटातला आटा खातेत." इंद्रजीत, तू भला मुलगा आहेस. शेंद्र्याच्या कंपनीत राबतोस, आईला दवाखान्यात नेतोस. पण तो गाळा शोरूमसाठी मिळालेला नाही. एका बाईने स्वतः मागे सरून तो गिरणीला दिला आहे. तिथे मोबाईल लागले तर तिचे मागे सरणे फुकट जाईल, आणि ते मला वर गेल्यावरही सोसणार नाही.

म्हणून सदर गाळा एकट्या दीपमालाच्या नावे करीत आहे. माझ्या गुडघ्यांनी संप केल्यापासून गिरणी तीच चालवते. तिचे हात चालतात तोवर तिथे पिठाची गिरणीच चालावी. तिच्यानंतर अपेक्षाला जे वाटेल ते तिने करावे, तिला मी बांधून ठेवत नाही.

कलम ७. पाट्या.
"उधार बंद" ही पाटी नव्या गाळ्यात लावू नये. ती कुणी कधीच वाचली नाही.

कलम ८. कडूबाईस.
उपकेंद्राची लाईट ज्या दिवशी पहिल्यांदा गिरणीत येईल, त्या दिवशी पहिला डबा कडूबाई ठोंबरे हिचा लागेल. तो दळून झाल्याशिवाय दुसरा पुढे सरकवू नये. दळणाचे पैसे घेऊ नयेत. दीपमालाने पीठ स्वतः तिच्या दारी पोचवावे आणि सांगावे की, आमच्या सासूबाईंनी निरोप ठेवला आहे

*(कलम ८ येथे थांबवून मी स्वतः आडव्या रेघेने खोडले आहे. बाजूला माझी सही. — मनकर्णाबाई)*

कलम ९. कलम ८ खोडल्याबद्दल खुलासा.
वकिलांनी विचारले म्हणून लिहिते. "निरोप ठेवला आहे" असे लिहिले आणि माझा हात थांबला. म्हणजे मेल्यावरसुद्धा मी तिच्याशी मधल्या माणसामार्फतच बोलणार! मी पेन खाली ठेवले, चप्पल घातली आणि पत्र्याला वळसा घालून पलीकडे गेले. वकील मागून म्हणाले, "आजी, सही राहिली." मी म्हटले, राहू द्या.

कडूबाई मिरच्यांचे देठ खुडत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. मध्ये कुणी नव्हते. मी म्हटले, "कडू, गाळा दिलास. लई उपकार झाले तुझे."

तिने मान वर केली नाही. दोन-तीन देठ खुडले. मग म्हणाली, "अगं, पत्र्यापल्याडचं समदं ऐकू येतंय मला. दोन शब्द बोलायला तुला मृत्युपत्र लागलं व्हय?"

मी म्हटले, "नव्या गिरणीत पहिला डबा तुझा."

"त्यो तर मी लावणारच हाय. तुला इचारून लावते का काय मी?" असे म्हणून तिने पाट माझ्याकडे सरकवला. आम्ही बसून सगळे देठ खुडले. दोघींच्याही डोळ्यांना पाणी होते. ती म्हणाली मिरचीचं आहे. मी म्हटले, व्हय. भोकाचा विषय दोघींनीही काढला नाही.

वकील म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये. कलम ८ खोडले गेल्यामुळे कडूबाईला या दस्तातून आता काहीही मिळत नाही. जे द्यायचे ते मी हातोहात देऊन आले. तेव्हा तिची साक्ष घेण्यास हरकत उरलेली नाही.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील सम्यक वाघमारे यांनी करावी. त्यांचे दळण दीपमालाने वेळेवर द्यावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) मनकर्णाबाई रामकिसन दांडगे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. विशाखा साळवे. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंची प्रकृती व बुद्धी दोन्ही ठणठणीत.

२. (सही) कडूबाई सोमनाथ ठोंबरे. सही माझ्यासमोर केली, खरं हाय. बाकी मेल्याबिल्याचं मला कुणी सांगू नये. मनकर्णे, माझा डबा पहिला लागंल तेव्हा दळायला तू उभी पाह्यजेस.