छताकडे फिरवलेला आरसा

३ नोव्हेंबर

आज परत एकीने नंबरप्लेटचा फोटो काढला. माझ्या तोंडासमोर! मग बसल्या बसल्या फोन कानाला — "हो पप्पा, आता मेट्टुगुडा आलं. हो पप्पा, दहा मिनिटांत पोचते." पलीकडे कोणी नव्हतं. बावीस वर्षं ऑटो चालवतोय, खरा फोन आणि खोटा फोन कळतो मला. खऱ्या फोनवर माणूस मधेमधे गप्प बसतो.

उतरताना म्हणाली, "थँक्यू, अण्णा." अण्णा म्हणतेस आणि फोटो काढतेस!

मी तर आतला आरसासुद्धा छताकडे फिरवून ठेवलाय. मागे कोण बसलंय, काय करतंय, मला दिसतच नाही. बाई एकटी असली की शब्द काढायचा नाही, मान वळवायची नाही — हा माझा नियम. सिकंदराबाद स्टेशनच्या स्टँडवर असा दुसरा दाखवा! खाजाभाई चिडवतो, "भूमय्या मियाँ, तुझ्या ऑटोत बसलं की मयताला निघाल्यासारखं वाटतं."

६ नोव्हेंबर

श्रावंतीचा फोन आला. बंगळूरला नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे पोरीचं. दवाखान्यातून सुटायला रात्रीचे दहा वाजतात, मग ऑटोने हॉस्टेल. तिच्या आईचं, स्वरूपाचं, दर वेळचं सुरू — एकटी निघू नकोस, नंबर पाठव, पोचलीस की फोन कर. मी फोन ओढून घेतला. म्हटलं, "अगं, ऑटोवाला म्हणजे बापाच्या धंद्यातला माणूस. त्याला काय घाबरायचं?"

पोरगी हसली. मग आईने आज काय केलंय ते विचारायला लागली. भाकरी आणि चिंचेचं सार, दुसरं काय!

८ नोव्हेंबर

रेल्वे गोदामांमागच्या रस्त्यावर रात्री तीन पोरं ऑटो अडवतात, असं खाजाभाई सांगत होता. परवा एका म्हातारीच्या गळ्यातलं ओढलं. रात्री तिकडून जायचं नाही. ठरलं.

९ नोव्हेंबर

पाठ गेली. काही लिहीत नाही.

१२ नोव्हेंबर, दुपार

अक्षर नीट येत नाही. बोट सुजलंय.

काल रात्री पावणेअकराला स्टेशनवरून एक मुलगी बसली. पाठीवर बॅग, नाचारमला जायचं होतं. मॅप गोदामांमागचा रस्ता दाखवत होता, जवळचा. मी मनात म्हटलं, पोरी, त्या तिघांच्या तावडीत तुला कशाला देऊ! तारनाक्याच्या मोठ्या रस्त्याने नेतो. लांब पडतो, पण सगळीकडे दिवे. तिकडे लागायला मधे एकच अंधारी गल्ली, दोन मिनिटांची. डावीकडे वळलो.

ती म्हणाली, "अण्णा, इकडे कुठे? मॅप उजवीकडे दाखवतोय."

मी बोललो नाही. नियम! शिवाय चोरांचं नाव काढलं असतं तर उगाच घाबरली असती. नुसता हात हलवला — म्हणजे, काळजी नको, मला ठाऊक आहे. तिने परत विचारलं, मोठ्याने. मी परत हात हलवला. आणि गल्ली लवकर संपावी म्हणून वेग वाढवला.

पुढे गतिरोधकावर हळू केलं. त्यानंतर ऑटो हलका लागला. वळून बघतो तर मागे कोणी नाही!

पळत मागे गेलो. रस्त्यात पडली होती, एक हात पोटाशी धरून. उचलायला वाकलो. देवा, काय ओरडली ती! तसली किंकाळी मी जन्मात ऐकली नव्हती. दारं उघडली, माणसं धावली, आणि मग मला कोणी काही विचारलं नाही. एकाच्या हातात क्रिकेटची बॅट होती. "पोरीच्या वयाची आहे रे, लाज नाही वाटत?" मी आपला एकच धोशा लावलेला — मी तिला वाचवत होतो, वाचवत होतो. ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल!

रात्र ठाण्यात काढली. तिचं मनगट मोडलंय. नाव हारिका. तिने दवाखान्यातच जबाब दिला — "हात लावला नाही. रस्ता बदलला. दोनदा विचारलं, बोलले नाहीत." बस. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. म्हणून सकाळी मला सोडलं. ऑटो अजून ठाण्याच्या आवारात आहे. फोनवर भाडी देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी मला बंद केलंय. तक्रार नाही असं मुलीने लिहून दिलं तरच उघडणार. नाही दिलं तर बावीस वर्षांचं नाव मातीत! उद्यापासून मी कोण? रात्री पोरी पळवणारा ऑटोवाला.

१३ नोव्हेंबर

अंग ठणकतंय. स्वरूपाने हळद लावली. तोंडातून एक अक्षर नाही. तिचं हे गप्प बसणं मला त्या बॅटीपेक्षा लागतं.

१४ नोव्हेंबर

स्टँडवर जाऊन आलो. सगळे माझ्या बाजूने! "आजकालच्या पोरी, बाबा!" "सिनेमे बघून डोकी फिरलीत." चहा पाजला, पाठ थोपटली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

खाजाभाईने घरी सोडलं. किती वर्षांनी मागच्या सीटवर बसलो. मागून माणूस दिसतच नाही, नुसती मान दिसते. खाजाभाईची मान जाड, केसाळ. ओळखीची आहे म्हणून ठीक. मी सहज विचारलं, "कुठून घेतोयस?" गाड्यांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. उत्तर येईना. थोडा वेळ मला कसंसंच झालं. खाजाभाई आहे तो, वीस वर्षांचा दोस्त! तरी झालं.

हे कोणाला सांगणार नाही.

१५ नोव्हेंबर

स्वरूपा बोलली एकदाची.

"अहो, 'त्या रस्त्याला चोर असतात, मोठ्या रस्त्याने नेतो' — एवढं सांगायला काय जीभ झिजणार होती?"

"मी सभ्य माणूस आहे. बायकांशी बोलत नाही."

"सभ्य आहात ते मला ठाऊक. तिच्या हातात काय तुमची पत्रिका होती?"

मी ताटावरून उठलो. बायकोनेही परक्या पोरीची बाजू घ्यावी! मार मी खाल्ला, ऑटो माझा अडकला. रात्री ती झोपल्यावर गुपचूप दोन भाकरी खाल्ल्या. टोपलीत माझ्या वाटणीच्या झाकून ठेवलेल्याच होत्या.

१८ नोव्हेंबर

ठाण्यात बोलावलं होतं. हारिका मामाबरोबर आली. विशीतली पोर, उजवा हात प्लास्टरमध्ये. मामा गुरगुरत होता, "नीट विचार कर, मग सही कर." तिने डाव्या हाताने केली, वेडीवाकडी. तक्रार नाही. सुटलो!

जाताना माझ्यासमोर थांबली. म्हणाली, "अण्णा, फार मारलं का तुम्हाला?"

मी सवयीने हात हलवला. ती एकदम एक पाऊल मागे सरली. मग मी तोंड उघडलं. "नाही पोरी. जास्त नाही."

पण सॉरी म्हणाली नाही. चार माणसांत एकदा म्हणायला हवं होतं — अण्णांची काही चूक नव्हती, मीच घाबरले. मला तेवढंच पाहिजे होतं. अजूनही पाहिजे.

२१ नोव्हेंबर

ऑटो मिळाला. अ‍ॅप उघडलं. पहिलं भाडं एक म्हातारं जोडपं, रामालयम देवळापर्यंत. सगळ्या वाटेने मी बोलत होतो. "आता सिग्नल येईल. आता डावीकडे वळतो." म्हातारा शेवटी म्हणाला, "बाबा रे, आम्ही इथलेच आहोत."

२३ नोव्हेंबर

आज श्रावंतीला सगळं सांगितलं. स्वरूपा नको नको म्हणत होती. म्हटलं, कळू दे तिला, तिच्या नान्नाला, तिच्या बापाला काय भोगावं लागलं. चालत्या ऑटोतून उडी! आणि वर साधं सॉरी नाही!

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"नान्ना, मागच्या वर्षी मी पण उडी मारली होती."

मी म्हटलं, "आम्हाला बोलली नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. त्या ऑटोवाल्याने रस्ता बदलला होता."

"माणूस वाईट होता का गं?"

"माहीत नाही, नान्ना. बघायला थांबले नाही."