तिसऱ्या पानावर मिळणारी खोली

१७ एप्रिल
तिसरं घर गेलं. फोनवर होय म्हणले होते. दारात उभी राहिल्यावर बाईंनी पूर्ण नाव विचारलं. सांगितलं. मग त्यांना आठवलं की पुतण्या येणार आहे पुण्याहून. आधीच्या दोन्ही घरांतसुद्धा कुणीतरी येणारच होतं.
महिनाअखेर इथून निघायचंय. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यांचा काही दोष नाही. उस्मानपुऱ्यात आम्हा बापलेकीला अकरा वर्षं झाली. दादांनी विचारलं, काय म्हणले? म्हणलं, भिंतींना ओल आहे. कोरड्या ठणठणीत भिंती होत्या.

१९ एप्रिल
नसरीननं आणखी एक पुस्तक फोनवर पाठवलं. ती शाळेत विज्ञान शिकवते, मी मराठी, पण ही इंग्रजी पुस्तकं आम्ही दोघी चोरून खाल्ल्यासारखी वाचतो. कोझी फँटसी म्हणतात. जादू असते, राक्षस असतात, पण लढाई नाही. कुणीतरी दमूनभागून नव्या गावात येतं, दुकान टाकतं, शेजारीपाजारी मिळतात. संपलं. आई गेल्यापासून मला दुसरं काही वाचवतच नाही.
यात एक शिंगंवाली बाई मधमाश्यांच्या पेट्या घेऊन गावात येते. तिसऱ्या पानावर पाव भाजणारी म्हातारी तिला माडीवरची खोली देते. विचारते एवढंच, खिडकी पूर्वेची चालेल का.
फोन बंद करून ठेवला.

२२ एप्रिल
एजंट म्हणला, मॅडम, लासूर स्टेशनला बघा ना, तिथून ये-जा करतात लोक. म्हणजे शहरात नाहीच.
नसरीनला सांगितलं. ती तलाकनंतर दोन वर्षं घर शोधत होती, शेवटी भावाकडंच राहिली. म्हणाली, तुला निदान आडनावापर्यंत येऊ देतात, मेरा तो नाम पे ही बात खत्म. मग म्हणाली, "आधा नाम बोल. झूठ थोडी है."

२४ एप्रिल
बोलले.
स्टेशनच्या पलीकडं, दुमजली घर, मालकीणबाई वर एकट्या राहतात, खालच्या दोन खोल्या रिकाम्या. नाव विचारल्यावर सुनंदा रामराव म्हणलं अन् थांबले. रामराव ऐकून त्या खूश झाल्या, त्यांच्या मामांचं नाव तेच. तुम्ही मूळचे कुठले, वैजापूरकडचे का? नुसती हसले. कागदपत्रं सावकाश करू म्हणाल्या.
घर मिळालं. रिक्षात रडू आलं, ते आनंदाचं नव्हतं.

२५ एप्रिल
दादांना सांगायचं टाळत होते. सत्याहत्तर वर्षांचा माणूस. वायरमन म्हणून जिल्हाभर खांबांवर चढले, खाली उतरल्यावर भेटेल त्याला जयभीम. त्यांना म्हणलं, तिथं तेवढं नमस्कार म्हणाल का.
ते गुडघ्याला तेल लावत होते. बरं म्हणले. दुसऱ्या गुडघ्याला लावताना, "किती दिवस?"
मी तेलाच्या बाटलीचं झाकण शोधत राहिले.

१ मे
आलो. वरच्या काकूंनी चहा पाठवला नाही, स्वतः घेऊन आल्या, थर्मासमध्ये. दादांनी हात जोडले, नमस्कार म्हणले. दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवावं तसा आवाज.
बुद्धाची तसबीर ट्रंकेत. आईचा फोटो बाहेर काढला.

६ मे
गुलमंडीतून पडदे आणले, जाड. दुकानदार म्हणला, उन्हासाठी का? होय म्हणलं.
मधमाश्यांचं पुस्तक पुन्हा उघडलं. पान साठ. गावातले सगळे शिंगंवालीकडं मध घ्यायला येतात, तिच्यासाठी छपराची उंची वाढवतात. पूर्वी अशा पानावर मला बरं वाटायचं. आता वाटतं, या लेखिकेनं आधी दार उघडणारी माणसं लिहिली अन् मग बाईला गावात पाठवलं. आपल्याला ती सोय नाही.

बुद्धपौर्णिमा
खिडक्या लावून खीर केली. वास कुठं लावून घेणार. काकू दारात. आज काय विशेष? तोंडातून निघून गेलं, दादांचा वाढदिवस.
त्या वर गेल्या, नवाकोरा टॉवेल घेऊन आल्या, दादांच्या हातात ठेवला आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. साठीची बाई. दादा पाय मागं घ्यायला गेले, तोवर झालं होतं.
त्या गेल्यावर दादा टॉवेलकडं बघत बसले. मग म्हणले, "ती पाया पडली, ते नेमकं कुणाच्या?"
खीर दोघांनीही खाल्ली नाही.

१६ मे
दादांना ताप. दोन दिवस. मी औषधं घेऊन आले तेव्हा काकू त्यांच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या. मला बघूनही उठल्या नाहीत. पट्टी पिळता पिळता सांगत होत्या की तुमच्या आधी एक जोडपं आलं होतं चौकशीला, दोघं नोकरीवाले, बोलायलाही चांगले, पण 'त्यांच्यातले' निघाले, मग नाही म्हटलं, रोज समोर येणार ना. तुमच्यासारखी माणसं मिळायला नशीब लागतं हो.
पट्टी अलगद बदलली. दादांचे डोळे मिटलेले. झोपलेले नव्हते.
ही बाई वाईट असती तर किती बरं झालं असतं.

१८ मे
ताप उतरला, पण दादा बोलत नाहीत. होय, नाय, पाणी दे. बस.
नसरीनला फोनवर म्हणलं, पुस्तकं पाठवू नकोस आता. का? म्हणलं, त्या बाईची शिंगं पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसतात. ती खोली तिला शिंगांसकट मिळते. मला मिळालेला चहा, पट्ट्या, तो टॉवेल, सगळं दुसऱ्याच कुणाला दिलेलं आहे. मी ते घेते रोज.
नसरीन म्हणाली, "मैंने ही सिखाया तुझे." तसं नाही म्हणलं. पण तसंच आहे थोडं, आणि ते तिलाही माहीत आहे.

२१ मे
काकूंनी दोघांच्या आधार कार्डची झेरॉक्स मागितली. भाडेकरार करायचाय, पोलिसांतही कळवावं लागतं. रविवारी भाचा येणार आहे, तो सगळं भरून नेईल.
कार्डं सामानात कुठंतरी आहेत म्हणलं. पर्समध्येच होती.

२३ मे
शाळेत जाते सांगून दोन घरं बघितली. सुट्टी आहे हे काकूंच्या लक्षात आलं नाही. एका ठिकाणी पूर्ण नाव सांगितलं. कळवतो म्हणले. दुसऱ्या ठिकाणी तोंड उघडायची ताकदच नव्हती, फाटकातून परत.
झेरॉक्सवर आडनावाशी शाई फिसकटली तर, हाही विचार करून झाला. चाळीस मुलांना निबंध शिकवणारी बाई मी.

२५ मे, रविवार
दादांनी सकाळीच दाढी केली. पांढरा शर्ट घातला. माझ्या पर्समधून दोन्ही कार्डं काढली, मी बघत असताना.
म्हणलं, दादा, मी बोलते, उद्यापर्यंत थांबा. दुसरं घर मिळू द्या.
"तू लई दमली, बाई. अन् मला नाय जमत आता. पाया पडली ती माझ्या. तिला कळाया पायजे."
म्हणलं, हाकलून देतील. देऊ दे म्हणले. तेवढंच.
एकेक पायरी थांबून वर गेले. मला येऊ दिलं नाही. काकूंचा आवाज आला, अहो काका, मला हाक मारायची ना, मी आले असते खाली. दार लागलं.
वीस मिनिटं झालीत. वरून बोलणं ऐकू येतंय, शब्द कळत नाहीत. दादांचाच आवाज आहे. महिनाभरात एवढं बोलले नाहीत ते.
दार लागल्यापासून काकूंचा आवाज आलेला नाही.